बोलायची नोकरी

गोरख : ...मंग टाळ्या कुनी वाजवल्या? वाडीवाल्यांनीच ना? आन् तू हात जोडून हसत हुबी!

सायली : आबा, परवा ग्रामसभेत मी माझं काम केलं. रिसॉर्टनं मला त्याच कामावर घेतलंय. जनसंपर्क अधिकारी म्हणून.

गोरख : कातकरवाडीची धरणावर जायची वाट बंद करायची, ह्ये काम?

सायली : 'बंद' हा शब्द मी एकदाही वापरला नाही.

गोरख : त्येच म्हंतोय मी! त्येच!

सायली : हेच तर शिकलेय. विद्यापीठात स्पीच कम्युनिकेशन घेतलं तेव्हा तुम्हीच सगळ्या मुळशीत सांगत फिरायचात, बोलायला शिकायला कॉलेज कशाला, आमची पोरगी काय मुकी हाय का. आता नोकरी लागली, तर तीही खुपते?

गोरख : मला वाटलं मास्तरीन व्हशील. रेडिओवर बोलशील.

सायली : रेडिओवाल्यांनी घेतलं नाही. कॉलेजात जागाच निघत नाहीत. हिंजवडीत मुलाखतीला जाईन तिथं एकच प्रश्न, या पदवीचं करायचं काय? रिसॉर्टनं नाही विचारलं. त्यांना माहीत होतं.

गोरख : व्हय, बरूबर ठावं व्हतं. पुण्याची कोन बाई येऊन बोलली आसती, तर वाडीनं हात वर केले आसते? माझी पोरगी बोलली म्हनून केले.

सायली : आणि रिसॉर्टला जमीन कुणी विकली? तुम्ही. एक शब्द न बोलता. आईलासुद्धा शेजारणीकडून कळलं.

गोरख : तोंड सांभाळ, सायले.

सायली : मी निदान लोकांसमोर उभी राहून बोलले.

गोरख : जमीन माझी व्हती, म्या इकली. वाट तुझी व्हती?

(वाडीवरचा म्हातारा धाकलू दाराशी येऊन उभा राहतो. खांद्यावर कोरडं जाळं.)

धाकलू : आबा, हायसा का? आरं, ताय पन हितंच हाय. बरं झालं.

गोरख : ये धाकलू, बस.

धाकलू : बसत न्हाई. ताय, सकाळधरनं रिसॉर्टच्या पत्र्याच्या कुंपनाच्या कडंकडंनं फिरतोय. पार वड्यापासनं वरच्या बंगल्यापातुर. दार काय घावंना.

सायली : कसलं दार?

धाकलू : तू म्हनलीस न्हवं, ये-जा समदी नीट लावून देनार? आमची सगुणाबाई म्हनती, ताय बोलली म्हंजी दार आसंलच. तुमास्नीच दिसंना झालंय.

गोरख : सांग त्येला.

सायली : आबा, तुम्ही गप्प बसा.

गोरख : सांग की! येवढी शिकलीयास.

सायली : धाकलूबाबा... प्रवेशाचं नियोजन टप्प्याटप्प्यानं...

धाकलू : त्ये कळत न्हाई गं बाय मला. दार कंच्या अंगाला हाय, तेवढं सांग.

सायली : दार न्हाई ठेवलं.

धाकलू : आं?

सायली : कुटंच न्हाई. सभेत बोलले तवाच मला ठावं व्हतं.

धाकलू : मंग हात वर करा का म्हनलीस?

गोरख : बोल. आता का थांबलीस?

धाकलू : ऱ्हाऊ द्या आबा, पोरीवर वरडू नगा. ताय, आमची होडी आत आडाकलीया. तेवढी भाईर काडू द्या म्हनावं. तुझं ऐकत्यात ती मानसं.