शेवटच्या गिऱ्हाइकाची गाडी

...नाही, मला सांगा, माणसानं माणसाला हाक मारली तर ती ऐकू यायला नको? त्या बारमध्ये काय कान अन् काय तोंड, सगळं बिनकामाचं! गाणं कानात नाही, छातीत वाजतंय... आणि मी काय तिथे हौसेनं गेलो होतो? मी पोरीला न्यायला गेलो होतो हो, पोरीला!

तुम्हाला सांगतो, आमची धाकटी तिथे काउंटरवर ग्लास भरते. हिनं, म्हणजे तिच्या आईनं, आठवडाभर अबोला धरला. माझ्याशी हं, पोरीशी नाही! आणि तोंड उघडलं ते एकदम, "अहो, पहाटे घरी पोचवणारी नोकरी आपल्याला नको. जा, सोडायला लावा, आणि तिला घेऊनच या!" झालं! निघालो.

दारावर एक धिप्पाड गडी. "काका, एकटेच?" म्हटलं, "बाबा रे, मी पोरीला न्यायला आलोय." तो हसला. "सगळे असंच काहीतरी सांगतात, काका!" आणि मनगटावर आत सोडल्याचा शिक्का मारला की हो माझ्या! या वयात!

आत पाय ठेवायला जागा नाही. टाय सैल केलेला एक साहेब माझ्या गळ्यात पडून कोणाची तरी तक्रार करतोय, मला एक अक्षर ऐकू येत नाही, मी आपला मान हलवतोय... कसंबसं काउंटर गाठलं. पोरगी एका हातानं बर्फ, दुसऱ्या हातानं लिंबं, घामाघूम! ओरडलो, "अगं चल! सोड ही नोकरी!" तर म्हणते, "बाबा, शेवटचं गिऱ्हाईक उठल्याशिवाय मला हलता येत नाही. मग बोलू." आणि माझ्यापुढे सरबत ठेवून पसार!

आता गिऱ्हाईक उठतंय कशाला? वेळ संपली, गाणी थांबली, दिवे लागले. मालक हात जोडतोय, "चला साहेब, चला ताई..." सगळे ढिम्म! "बस, एकच शेवटचा!" अहो, माणसाला शेवटचे असे असतात तरी किती? पोरगी टेबल पुसतेय, पाय भरून आलेले, या पायावरून त्या पायावर... मला बघवेना हो. पोटच्या पोरीचे हाल कोणाला बघवतात?

आणि माझी सगळी हयात गेलीय बसस्थानकात गाड्या पुकारण्यात! चढलो खुर्चीवर. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं! शेवटची गाडी सुटण्याच्या बेतात आहे! यानंतर गाडी नाही! आपापलं सामान, चष्मे आणि मित्र तपासून घ्यावेत!" उठले! सगळे उठले! तो टायवाला तर विचारतो, "काका, फलाट कुठला?" म्हटलं, "दाराबाहेर, डावीकडे, रांगेत!" आणि उभे राहिले हो रांगेत!

पोरगी पोट धरधरून हसली. "बाबा, आज पहिल्यांदा वेळेवर सुटले मी!" म्हटलं, आता विषय काढावा... तेवढ्यात मालकानं माझे दोन्ही हात धरले. "काका, रोज याल का? फक्त बंद करायच्या वेळी. पगार देतो." म्हटलं, "अहो, मी पोरीला न्यायला आलोय!" "मग न्या की! रोज न्या!" आणि पोरगी माझ्याकडे अशी बघतेय, अशी बघतेय... नाही कसं म्हणणार, तुम्हीच सांगा!

घरी आलो. ही दारातच. "आणलीत ना सोडवून?" म्हटलं, "आणली... रोज आणणार आहे." आणि सगळं सांगून टाकलं. ही तरातरा स्वयंपाकघरात. मला वाटलं, झालं, पुन्हा अबोला! तर पोरीचा रिकामा डबा घासायला घेत म्हणते कशी,

"म्हणजे उद्यापासून डबे दोन भरायचे का?"