वजाबाकीत काय चुकणार

...आणि सरांना दाखवायचं काय होतं, तर वजाबाकी. तुम्हाला सांगतो, आमच्या दिगंबर सरांनी बुऱ्हाणपुरात जन्मभर गणित शिकवलं, आणि अडले कुठं, तर एक पॉइंट दोनमधून एक गेला, किती उरले, इथं. झालं काय, शाळा जोडायचे दिवस आले, सरांची मराठी शाळा शेजारच्या हिंदी शाळेत घातली, गणिताचे मास्तर झाले दोन अन् जागा एक. आता म्हणे, ज्याला कॉम्प्युटरवर प्रोग्राम करून दाखवता येईल तो राहील, दुसऱ्याची बदली तिकडं लांब डोईफोडियाच्या शाळेत. अन् घरी सरांच्या बायकोच्या, रजनीबाईंच्या डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, बघायला दुसरं कोण? त्याच म्हणाल्या, "साधं काहीतरी दाखवा. वजाबाकीत काय चुकणार?"

सरांनी प्रोग्राम लिहिला, बटण दाबलं. उत्तर, ०.१९९९९९९९९९९९९९९९६.

रजनीबाई काळा चष्मा वर करून म्हणाल्या, "अहो, हे दोनच्या दारापर्यंत जाऊन परत का आलं?"

सर गेले कॉम्प्युटरवाल्या सुरेशकडे. तो म्हणतो, "सर, मशीनच्या पोटात एक पॉइंट दोन पूरा बसतच नाही, थोडा कटतो. तुम्ही डेसिमलवाला हिशेब लावा, जितके आकडे बोलाल तितके देईल." लावला. वजाबाकीत काय चुकणार... तर आलं ०.१९९९९९९९९९९९९९९९५५५९१०७९०१५०.

"हां," सुरेश म्हणाला, "आता अचूक झालं."

"काय अचूक?"

"चूक, सर. पहले अंदाजे दिसत होती, आता पूरी दिसते."

मग त्यालाच सुचलं, आकडा अवतरणचिन्हांत घालायचा, म्हणजे मशीन त्याला मोजत नाही, लिहिला तसाच उचलते. घातला. ०.२ आलं. सर कितीतरी वेळ त्या दोनकडे बघत बसले, दुखणं उतरलेल्या पोराकडे बघावं तसे.

तपासणीला साहेब आले. हिंदीवाल्या मास्तरांनी स्क्रीनवर पिसारा फुलवणारा मोर दाखवला. सरांनी ०.२ दाखवलं. साहेब म्हणाले, "ये तो मेरी बच्ची मुँहज़बानी कर लेती है. इसमें आपने किया क्या?"

ते नऊ, ते पोट, ती अवतरणचिन्हं... सगळं सांगायचं होतं, अन् सरांच्या तोंडून निघालं काय, तर, "साहब, पहले गलत आता था."

साहेबांनी तेवढंच लिहून घेतलं.

घरी रजनीबाईंनी विचारलं, "उत्तर बरोबर आलं ना?"

"आलं."

"मग?"

"मग काय. उद्यापासून डबा लवकर लागेल. डोईफोडियाची बस सकाळीच निघते."