मागच्या गल्लीतले नवे पाइप

हसू नका, पण मी एकदा चक्क गडरलाइनीवर, म्हणजे गटाराच्या पाइपांवर, जळलो होतो. आमचा नगरसेवक माझ्या शाळेतल्या वर्गातला. निवडणुकीत मी त्याच्यासाठी महिनाभर घरोघरी फिरलो. तरी आमच्या गल्लीत गटाराचं पाणी पार दारापर्यंत येऊन राहिलं होतं. अन् मागच्या गल्लीतल्या मेश्राम बाई, रिटायर शिक्षिका, त्यांनी प्रचारसभेत त्याले तोंडावर सांगितलं होतं, "तुले मत देणार नाही." त्यांच्याच गल्लीत नवे पाइप पडले! बाई अंगणात खुर्ची टाकून काम पाहून राहिल्या होत्या, अन् मी विटांवर पाय ठेवत घरात शिरत होतो. बायको म्हणे, "तुमचा दोस्त आहे न?"

तसाच त्याच्या ऑफिसात गेलो. म्हटलं, "काहून गा, चपला मी झिजवल्या, अन् पाइप त्या बाईच्या गल्लीत?"

तो म्हणाला, "बाई दर सोमवारी येते अन् सगळ्यांसमोर विचारते, काम कुठवर आलं? तू येतो, चहा पितो, फोटो काढतो अन् जातो. तसंही तुझं मत तं पक्कं आहे न गा. तिचं अजून मिळवाचं आहे."

समोरचा चहा तसाच ठेवून मी उठलो. "मंग ऐक, आजपासून माझंबी कच्चं."

तो हसला. मी हसलो नाही. तेव्हा कुठं त्यानं इंजिनिअरले फोन लावला.