काजळवाटला पाचपैकी दोन

बसा ना काका, बसा — नाही, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, इकडे सोफ्यावर बसा. पाणी आणू? नको. बरं. हो, मीच ओम. यूट्यूबवर गेमबद्दल बोलतो, तो मीच. तुम्ही रोशनीचे वडील म्हणालात ना, तेव्हा आधी मला — खरं सांगू? — आधी वाटलं, तुम्ही मारायला आलात. हात बघितले मी तुमचे. मखमलाबादला झेंडू लावता म्हणालात, पंचवटीत फुलं उतरवून तसेच गंगापूर रोडला आलात, तीन जिने चढून, तरी दम लागलेला नाही तुम्हाला. मलाच लागलाय. आणि मी दारातच सांगितलं ना, रोशनी इथं आली नव्हती, मी तिला कधी बघितलेलं नाही. परवा संध्याकाळपासून घरी नाही, फोन बंद — वाईटच आहे हे, पण त्यात माझा काय संबंध? तिच्या टेबलावर माझा पत्ता लिहिलेला सापडला म्हणता. असेल. पत्ता काय, कुणालाही मिळतो हल्ली.

मी काय केलं ते सांगतो, म्हणजे तुमच्या मनात काही राहायला नको. तिनं एक गेम काढला, काजळवाट. बंदुकीचा गेम — म्हणजे पडद्यावर आपले फक्त हात दिसतात, हातात बंदूक, आणि आपण एका पडक्या किल्ल्यातून वाट काढायची. पण सगळं चित्रकथेच्या पुस्तकासारखं, जाड काळी रेघ, भडक रंग, चौकटी उघडतात, मिटतात. चार वर्षं हातानं काढत होती, माहितीये मला. देखणं होतं हो. मी तसं बोललोसुद्धा, व्हिडिओच्या पहिल्याच वाक्यात — एवढं देखणं आपल्याकडे कुणी केलेलं नाही, असं. पण ते कोण ऐकतं? सगळे शेवटचा आकडा बघतात. पाचपैकी दोन. आता दोन म्हणजे अगदी वाईट नाही, दोन म्हणजे — बरं, वाईटच. देखणं पण मुकं, असं म्हणालो मी. बंदूक उडते तर फुसकी वाजते, मागून कोण आलं ते कळत नाही, खेळणारा उगाच मरतो. मग बाकीच्यांनी तेच उचललं. जो तो मुकं, मुकं. आणि ज्या कंपनीनं गेम आणला तिनं पुढचे भाग थांबवले — पण तो निर्णय त्यांचा, मी कुठे — काय झालं? मुकं म्हटल्यावर असं काय बघताय?

परत सांगा. ऐकू येत नाही? कुणाला, रोशनीला? जन्मापासून?

हे मला माहीत नव्हतं, काका. कुठेच लिहिलं नव्हतं तिनं. थांबा, एक मिनिट — अक्षरं. त्या गेममध्ये ना, आवाजाची अक्षरं दिसायची. भिंतीपलीकडून कुणी चाललं की भिंतीवर टप टप उमटायचं, जवळ आला की मोठं, लांब गेला की बारीक. गोळी सुटली की ठो — आभाळभर. दार करकरलं तर ती करकर बिजागरीतून बाहेर यायची, वाकडीतिकडी. म्हणजे तिनं आवाज असा — आणि मी ती बंद केली. करता येतात, एक बटण असतं. मला मधे मधे यायची, व्हिडिओत गर्दी दिसायची. पहिल्या दहा मिनिटांत बंद केली आणि मग जगाला सांगितलं की मागून कोण येतं ते कळत नाही. हे कुणाला बोलू नका, काका. खेळलोही पुरतं नाही. अकरा टप्पे होते, मी तीन खेळलो. माझ्या व्हिडिओत अक्षरं नाहीत हे तिनं लगेच ओळखलं असणार, म्हणून तर ती आली —

हो. आली होती. परवा पाचला. मी खोटं बोललो. दारातल्या भिंगातून बघितली, फोटोवरून ओळखली, आणि मला वाटलं, भांडायला आलीय, आता शूटिंग करेल, माझी शोभा करेल. भ्यालो मी. बेल वाजवली तिनं, मग हातानं ठोकलं. मी भिंगाला डोळा लावून, श्वास धरून उभा, पायातली चप्पलसुद्धा हलू दिली नाही — आणि तिला तर ऐकूच — वीस मिनिटं उभी होती ती. मग दाराखालून कागद सरकवला. हा बघा. वाचतो — 'अक्षरं चालू करून एकदा खेळा. आकडा बदलू नका. फक्त खेळा.' एवढंच. मी वाचला आणि तरी उघडलं नाही. खिडकीतून बघितलं, पायी चालली होती, नदीकडे. म्हणजे नदीकडेच असं नाही, त्या बाजूला बस पण मिळते, रिक्षा मिळते. पण परवापासून मी दर तासाला बातम्या बघतोय, काका. गोदावरीत काही सापडलं का, एवढंच बघतोय. काल गेम लावला, अक्षरं चालू करून. पहिल्याच दारावर ठक ठक उमटलं. मी बंद केला.

तुमचा फोन वाजतोय. घ्या ना. काका, घ्या. कोण? मेहुणी, देवळाली कॅम्पातून? काय म्हणतात — आहे ना? एवढंच सांगा, आहे ना ती?

आहे. बरं. आहे. कुणाला सांगू नको म्हणाली होती मावशीला, आज त्यांना राहवलं नाही. बसा, बसा काका, डोळे पुसा. मी — मला काही झालं नाही, मी ठीक आहे. व्हिडिओ कॉल लावला का तिनं? हातांनी बोलताय तुम्ही दोघं. तिला काय सांगताय? माझ्याकडे बोट का दाखवलंत? हे बघा, तिला सांगू नका मी घरात होतो. सांगा, ओम बाहेरगावी होता, आजच आला, कागद आजच वाचला — फोन इकडे नका वळवू, काका. नमस्कार. हो. नमस्कार. काय म्हणतेय ती? एक डोळा झाकला हातानं, म्हणजे काय?

भिंगातून बाहेर दिसणारा उजेड. गेला होता म्हणते? वीस मिनिटं.

म्हणजे तिला तेव्हाच —

निघा तुम्ही, काका. देवळालीची बस मिळेल आता. नाही, दार राहू द्या. मी लावतो. जा.