विहिरीतल्या गोदाबाईचा जबाब

मृदंग जरा थांबवा बुवा. मंडळी, सांगा मला — वकील कशानं होतो? पुस्तकानं? काळ्या कोटानं? की बापाच्या पाटीनं?

ऐका! एका तालुक्याच्या गावी सुलभा घोडके नावाची पोर वकिलीचं शिकत होती. आई कोर्टात झाडू मारायची. सुलभा हाताखाली काम मागायला जाई, की वकील विचारत, "कुणाची गं तू?" आईचं नाव सांगितलं की, "बघू नंतर!"

पण कॉलेजच्या देशमानेबाई खमक्या! त्यांनी गरिबांसाठी मोफत सल्ला केंद्र काढलं. प्रत्येक पोरानं तिथं बसायचं, एक खरी केस अभ्यासायची. आणि नियम एकच — माणूस बोलेल ते लिहायचं, वाचून दाखवायचं, मगच अंगठा!

सुलभाला केस मिळाली चंद्राची. सासूला विहिरीत ढकललं म्हणून आत होती. दवाखान्यात मरताना दिलेला सासूचा जबाबच होता, "सुनेनं ढकललं." खाली अंगठा! सुलभानं कागद वाचले, शेरा मारला — बचाव नाही. अहो, चंद्राला भेटलीसुद्धा नाही!

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपार. केंद्रात एकटीच. समोर बाकावर म्हातारी. आली कधी? दार तर वाजलं नाही! लुगड्याच्या काठातून पाणी ठिबकतंय.

"लिही पोरी. पाय घसरला माझा. सून दोर टाकून ओढत होती. तिचे हात बघ."

सुलभानं लिहिलं, वाचून दाखवलं. म्हातारीचे डोळे भरले. "मागं कुणी वाचून दाखवलंच नाही गं!"

अंगठा घेतला — बर्फासारखा गार! शाई उमटली... पण त्यात रेघ एकही नाही. पाटीसारखा गुळगुळीत!

"आजी, नाव?"

"गोदा लिंबा बारवकर."

सुलभाचं पेन गळालं. केसमधली मेलेली सासू! वर बघते तो बाक रिकामा. नुसती ओल.

हसू नका! मला विचाराल, "महाराज, भुताचा जबाब कोर्टात चालतो का?" नाही चालत! म्हणून तर पोर उठली आणि तुरुंगात गेली. "चंद्राताई, हात दाखवा." दोन्ही तळव्यांवर दोराचे वण!

मग दवाखाना. तिथल्या नर्स मेरीबाई म्हणाल्या, "त्याच दिवशी मी सुनेच्या हातांना मलम लावलं, वहीत नोंद आहे. म्हातारीला धाप लागलेली. जबाब लिहिणाऱ्यानं आपल्या मनानं लिहिलं, अंगठा उठवला. मला कुणी विचारलंच नाही!"

देशमानेबाईंनी ओळखीचा वकील उभा केला. मेरीबाईंनी साक्ष दिली, वही दाखवली. चंद्रा सुटली!

पुढच्या रांगेतले वकीलसाहेब, मान खाली घालू नका, मी तुमच्याशीच बोलतोय. सुलभाला दारातून परत पाठवणारे तुमच्यासारखेच शहाणे होते. त्या केंद्रात तिला बसायला जागा मिळाली नसती, तर चंद्रा आज कुठं असती?

आणि मायबाप, तुम्ही सगळे! कुणाचं काही ऐकायच्या आधी त्याचा बाप कोण, हे किती वेळा विचारलंत? मेल्यावर परत येऊन सांगणं प्रत्येकाला जमत नाही हो. जिवंत आहे तोवर ऐका! म्हणा, पांडुरंग हरी!