मेलेला खलनायक

कॉमिक्समधलं आपल्याला सगळं कळतं, ही माझी घमेंड धुळ्याच्या एका टॉकीजमध्ये उतरली. लहानपणापासून कॉमिक्सची पारायणं केलेली, त्यामुळे उडणाऱ्या हिरोचा इंग्रजी सिनेमा लागल्यावर मी शेजारच्या नानांनाही ओढून नेलं आणि एकेक सीन समजावू लागलो.

इंटरव्हलआधीच खलनायक मेला. इंटरव्हलनंतर तोच हसत हसत हजर.

नाना म्हणाले, "हाऊ ते मरी गयता ना?"

"नाना, कॉमिक्समध्ये असंच असतं. त्याच्याकडे पुन्हा जिवंत व्हायची शक्ती आहे."

मागच्या रांगेनंही माना डोलावल्या. तेवढ्यात दिवे लागले आणि डोअरकीपर ओरडला, "रिळं मागंपुढं लागली होती. आता बरोबर लावतो."

नानांनी शांतपणे विचारलं, "भाऊ, हाई बी तुना पुस्तकमा व्हतं का?"