किडकी वांगी

"कमल, तुझ्या एकाही वांग्याला कीड कशी नाही गं?"

गोडादऱ्याच्या बसथांब्यावर सरलाबाईंची ही कुरकुर ऐकून सुवर्णाने नुकतीच भाजी विकणाऱ्या कमलच्या त्याच टोपलीतून घेतलेली आपली वांगी चाचपली.

"मावशी, लोक किडीवरून भांडतात, तुमचं उलटंच!" कमल म्हणाली.

"कीडसुद्धा तोंड लावत नाही, ते गरोदर सुनेला घालू?"

"दर आठवड्याला फवारतो. डाग दिसला की तुम्हीच बाजूला टाकता ना?"

"मग तुझ्या मागच्या त्या गाठोड्यातली दे."

"ती किडकी आहेत. नवागामला लेकीकडे पोचवायचीत."

"पोटच्या लेकीला किडकी?"

"तिचा वाफा वेगळा आहे. बिनफवारणीचा."

"का गं?"

कमल खुदकन हसली आणि गाठोडं सोडायला लागली.

"अर्धी सुनेला न्या, मावशी. ताई, तुमचीही द्या इकडे, बदलून देते. टोपलीतलं आमच्या घरात कुणीच खात नाही."